यंत्राला कळणारा कचरा

करी रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की महापालिकेचा एफ/दक्षिण विभाग, पश्चिमेला उतरलं की जी/दक्षिण. मध्ये फक्त मध्य रेल्वेचे रूळ. एका अंगाला लालबाग-परळच्या चाळी, दुसऱ्या अंगाला गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले टॉवर. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा ‘वर्ल्ड वन’ त्यांपैकीच एक. चाळीतली खोली असो की चाळिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, सकाळी डब्यापाशी पडणारा प्रश्न सारखाच असतो. दुधाची रिकामी पिशवी, वेफर्सचं पाकीट, गोळ्या संपलेली औषधाची पट्टी, शॅम्पूची बाटली, कालच्या पावभाजीचा खोका: यातलं काय कुठे टाकायचं?

हा प्रश्न यंत्राने सोडवावा म्हणून गेली काही वर्षं जगभर मोठी खटपट चालू आहे. कचऱ्याकडे पाहून ‘हे पेट, हा पुठ्ठा, हे ॲल्युमिनियम’ असं सांगणारे कॅमेरे आले. वस्तू उचलून वेगळी करणारे यांत्रिक हात आले. टाकलेली वस्तू आपणहून योग्य कप्प्यात ढकलणारे ‘स्मार्ट’ डबेही आले. ही यंत्रं नेमकं काय ओळखतात, कुठे अडतात आणि करी रोडसारख्या वस्तीला त्यांचा किती उपयोग आहे, हे नीट समजून घेण्याची वेळ आली आहे. कारण कचरा टाकायला मुंबईत आता जागा उरलेली नाही.

कचऱ्याची गाडी कुठे जाते?

मुंबईत रोज सुमारे साडेसहा हजार टन कचरा गोळा होतो. तो शहराबाहेर नेण्याचा खटाटोप जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने मुंबई हादरली, तेव्हा शहराचा कचरा दूर टाकण्यासाठी देवनारची दलदलीची जमीन निवडली गेली आणि कचरा वाहणाऱ्या रेल्वेगाड्या तिकडे जाऊ लागल्या. आजच्या हार्बर मार्गावरचा कुर्ला-चेंबूर हा पट्टा आधी या कचरागाड्यांसाठी टाकला गेला. प्रवासी गाड्या त्यावरून 1924 पासून धावू लागल्या.

आज गोराईचं डंपिंग ग्राउंड बंद आहे, मुलुंडचं 2018 साली बंद झालं आणि बहुतेक भार कांजूरमार्गवर आहे. देवनारला सुमारे 185 लाख टन जुना कचरा साचला आहे. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. कचऱ्याच्या डोंगरात सडणारा ओला भाग मिथेन वायू सोडतो आणि त्यातच मिसळलेलं प्लास्टिक, कागद, चिंध्या हे त्या आगीचं सरपण होतं.

केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितलं. पालिकेने 2 ऑक्टोबर 2017 पासून रोज 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या किंवा 20 हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवणं बंधनकारक केलं. नियम झाले, डबे आले. तरीही गाडीपर्यंत पोचणारा पुष्कळसा कचरा एकत्रच असतो. यंत्राची चर्चा सुरू होते ती इथून.

यंत्र पाहतं कसं?

मोठ्या वर्गीकरण केंद्रात सुका कचरा फिरत्या पट्ट्यावर टाकतात. पहिली पायरी आकाराची. भोकं असलेला एक भलामोठा लोखंडी पिंप आडवा फिरत असतो, त्याला ट्रॉमेल म्हणतात. माती, खडे, काचेचे बारीक तुकडे त्यातून खाली गळतात. दुसरी पायरी लोहचुंबकाची. पत्र्याचे डबे, खिळे, झाकणं तो वर खेचून घेतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी युक्ती आहे. पट्ट्याच्या टोकाशी अतिशय वेगाने फिरणारे चुंबक असतात. त्यांच्यामुळे ॲल्युमिनियममध्ये क्षणभर विजेचे भोवरे निर्माण होतात, त्यातून उलटं चुंबकत्व येतं आणि थंड पेयाचा डबा पट्ट्यावरून उडी मारून पुढे जाऊन पडतो. त्यानंतर हलत्या तिरक्या फळ्यांवर कागद आणि पिशव्यांसारख्या चपट्या वस्तू वर सरकतात आणि बाटल्यांसारख्या गोल वस्तू खाली घरंगळतात. सुपात धान्य पाखडताना आजी जे करायची, तेच हे यंत्र टनांच्या हिशोबाने करतं.

खरी कसोटी यानंतर आहे, ती प्लास्टिकची. दिसायला सारखी असणारी प्लास्टिकं रसायनाने वेगळी असतात. पाण्याची बाटली पेटची, तिचं झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईचं, शॅम्पूची बाटली एचडीपीईची, दुधाची पिशवी पॉलिथिलीनची. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात 1 ते 7 पैकी एक आकडा असतो, तो हेच सांगतो. 1 म्हणजे पेट, 2 एचडीपीई, 3 पीव्हीसी, 4 एलडीपीई, 5 पॉलिप्रॉपिलीन, 6 पॉलिस्टायरिन आणि 7 म्हणजे इतर सगळी. ही जात वेगळी करणं केवळ नीटनेटकेपणासाठी नसतं. पेट वितळवायला सुमारे 260 अंश तापमान लागतं. त्या उष्णतेत पीव्हीसीचे थोडेसे तुकडे जरी आत असले तरी त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, अख्खा घाणा पिवळा पडतो आणि त्याचा धागा तुटू लागतो.

माणसाच्या डोळ्याला हा फरक दिसत नाही. यंत्र तो पाहतं अवरक्त प्रकाशात. पट्ट्यावर तेजस्वी दिवे असतात. दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या पलीकडचा प्रकाश वस्तूवर पडतो, तेव्हा प्रत्येक प्लास्टिकचे रेणू त्यातल्या ठरावीक तरंगलांबी शोषून घेतात आणि उरलेला प्रकाश परत फेकतात. परत आलेल्या प्रकाशात कुठल्या तरंगलांबी गहाळ आहेत हे सेन्सर पाहतो आणि जात ओळखतो. पट्टा सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने धावत असतो. टोकाशी हवेच्या नळ्यांची रांग असते. संगणक बाटलीची जागा हिशोबात धरतो, ती टोकाशी येताच नेमकी तीच नळी काही मिलिसेकंद उघडते आणि हवेच्या झोताने बाटली पलीकडच्या कप्प्यात जाते.

याच्या जोडीला आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. संगणकाला हजारो-लाखो छायाचित्रं दाखवून ‘हा डबा, हा खोका, ही बाटली’ असं शिकवतात. अवरक्त सेन्सर वस्तूचं रसायन सांगतो, कॅमेरा तिचा उपयोग ओळखतो. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा डबा श्रीखंडाचा आहे की रंगाचा, हे कॅमेराच सांगू शकतो. त्यावरून शोषणाऱ्या चकत्या लावलेला यांत्रिक हात वस्तू उचलतो. 2007 साली हेलसिंकीत सुरू झालेली झेनरोबॉटिक्स ही या वाटेवरची सुरुवातीची कंपनी. पुढे 2018 मध्ये चीनने परदेशी भंगारावर कडक बंधनं घातली, भेसळ अर्ध्या टक्क्याच्या आत आणा म्हणून सांगितलं, आणि पाश्चात्त्य देशांची अशा यंत्रांसाठी धावपळ सुरू झाली.

आपल्याकडेही हे आलं आहे. इंदूरमध्ये रोज 300 टन सुका कचरा हाताळू शकणारं स्वयंचलित केंद्र आहे. तिथल्या घरोघरी कचरा वेगवेगळ्या प्रकारांत वेगळा होऊनच गाडीत पडतो, ही त्या केंद्राच्या यशाची अर्धी गोष्ट. अहमदाबादची ईशित्व ही कंपनी कॅमेरा आणि हवेच्या झोताची वर्गीकरण यंत्रं भारतात बनवते. गोव्यात साळगावचा प्रकल्प 2016 साली सुरू झाला. तिथे यंत्रांनी कचरा वेगळा होतो आणि ओल्या भागाच्या वायूपासून वीज तयार होते.

स्वयंपाकघरातला स्मार्ट डबा

मग हेच यंत्र घरात का आणू नये? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा हा आवडता प्रकल्प आहे आणि त्याची रचना सोपी आहे. झाकणाशी वस्तू आल्याचं एक सेन्सर ओळखतो. दुसरा धातू आहे का ते पाहतो. तिसरा ओलावा मोजतो. छोटा कॅमेरा वस्तूचं चित्र टिपतो, संगणक अंदाज बांधतो आणि आतली झडप वळून वस्तू योग्य कप्प्यात पडते.

अडचण अंदाजात आहे. अशा प्रयोगांत पुष्कळदा वापरला जाणारा चित्रसंग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी 2016 साली तयार केला. त्यात 2,527 छायाचित्रं आहेत आणि सहा वर्ग: काच, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू आणि उरलेला कचरा. वस्तू पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकेकट्या ठेवलेल्या. आपल्या डब्यात वस्तू अशी येते का? लालबागच्या घरातून दुधाची पिशवी येते ती कोपरा कापलेली, चुरगळलेली, आत चार थेंब दूध. चटणीची पुडी येते तेलाने माखलेली. गुटख्याची पुडी बोटभर. परदेशी छायाचित्रांवर शिकलेल्या संगणकाने हे कधी पाहिलेलंच नसतं. त्यासाठी इथल्या कचऱ्याची, इथल्या हातांनी नावं दिलेली छायाचित्रं लागतात.

आणखी एक अडचण वस्तूंच्या बनावटीतच आहे. वेफर्सचं चकचकीत पाकीट वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पातळ थरांचं असतं आणि त्यावर धातूचा मुलामा असतो. फळांच्या रसाच्या खोक्यात पुठ्ठा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे तीन पदार्थ एकमेकांना चिकटवलेले असतात. यंत्राने हे पाकीट अचूक ओळखलं तरी पुढे त्याचे थर सुटे करायची सोय जवळपास नसेल, तर त्या ओळखीचा उपयोग काय? काळ्या प्लास्टिकची गोष्ट आणखी वेगळी. त्यातली काजळी अवरक्त प्रकाश पुरता शोषून घेते, सेन्सरपर्यंत परत काहीच येत नाही. हॉटेलातून जेवण येतं तो काळा डबा नेहमीच्या अवरक्त यंत्राला दिसतच नाही.

पाणी हा खरा शत्रू

अवरक्त प्रकाश सगळ्यात जोरात शोषून घेणाऱ्या पदार्थांपैकी एक म्हणजे पाणी. प्लास्टिकवर आमटीचा, ताकाचा, भिजलेल्या चहापत्तीचा थर बसला, की सेन्सरला प्लास्टिकऐवजी पाण्याची खूण दिसू लागते. कागदाचं नुकसान तर भरूनच निघत नाही. पुठ्ठ्याची किंमत त्याच्या तंतूंत असते. तो तेलाने, पाण्याने भिजला की तंतू कमजोर होतात, बुरशी धरते आणि रद्दीवालाही त्याला हात लावत नाही. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो. तो एकदा सुक्यावर सांडला की कोट्यवधींचं यंत्रही तो पुसून काढू शकत नाही. यंत्राला ओळखता येतं, धुता-सुकवता येत नाही.

म्हणून घरापुरतं पाहिलं तर पेट आणि एचडीपीई वेगळं करणं आपलं कामच नाही. ते पुढे यंत्र करील किंवा अनुभवी हात करतील. ओलं सुक्यावर पडू न देणं एवढं एकच काम असं आहे, की ते फक्त घरातच होऊ शकतं, आणि ते व्हायला दहा सेकंद पुरतात. पिशवी पाण्याने विसळून, झटकून सुक्यात टाकली, की तिची किंमत टिकली.

काही टॉवरांत प्रत्येक मजल्यावर कचरा खाली सोडायची नळी असते. तिच्यातून सगळं एकत्र खाली येतं आणि तीस मजले कोसळताना पिशव्या फुटून ओलं-सुकं एकजीव होतं. इथे मात्र साधं तंत्रज्ञान खरोखर कामाचं आहे. मजल्यावर ‘ओला’ आणि ‘सुका’ अशी बटणं, आणि तळाशी बटणाप्रमाणे तोंड वळवून वेगळ्या डब्यात कचरा सोडणारी फिरती झडप. यात कॅमेऱ्याची बुद्धी नाही, पण माणसाने घरात केलेलं वर्गीकरण ती खालपर्यंत शाबूत ठेवते.

यंत्राच्या आधीचे जाणकार

वर्गीकरणाची विद्या मुंबईत यंत्राच्या कितीतरी आधीपासून आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिकची जात हाताने ओळखतात. तुकडा वाकवून सोडतात आणि तो कसा तुटतो, कसा आवाज करतो ते पाहतात. शंका आली तर पाण्यात टाकतात: पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पेट आणि पीव्हीसी बुडतं. तरीही नक्की झालं नाही तर टोक पेटवून धुराचा वास घेतात. पीव्हीसीचा वास नाकाला झोंबतो, आणि रोज तो धूर घेणाऱ्या फुप्फुसांना त्याची किंमत मोजावी लागते.

या कामाला माणुसकीचं रूप देण्याची एक मोठी धडपड दादरपासून झाली. 1975 साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने, ज्योती म्हापसेकरांच्या पुढाकाराने, 1998 मध्ये कचरावेचक स्त्रियांसाठी परिसर विकास कार्यक्रम सुरू केला. या बायकांना ‘परिसर भगिनी’ हे नाव मिळालं, ओळखपत्रं मिळाली, बचतगट झाले. शिवाय खतनिर्मितीचं आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्पांचं प्रशिक्षणही मिळालं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिचे तीन हजारांहून अधिक सदस्य घरोघरी जाऊन कचरा घेतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अंदाजानुसार भारतात पेटच्या सुमारे 90 टक्के बाटल्या पुनर्वापरासाठी परत येतात. ही कामगिरी या हातांची आहे, कुठल्याही यांत्रिक हाताची नाही.

‘स्वच्छ’ने रुजवलेली एक युक्ती इथे मुद्दाम सांगायला हवी. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा. उघडून पाहायची गरज नको आणि हात घाण व्हायला नकोत. गुंडाळलेल्या कागदाच्या आत काय आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही, पण लाल ठिपका माणसालाही कळतो आणि शिकवला तर कॅमेऱ्यालाही. मुंबई पालिकेनेही 2025 साली सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यायच्या कचऱ्याच्या वेगळ्या संकलनाची सेवा सुरू केली आहे. तिच्यासाठी सोसायट्यांना नोंदणी करता येते.

यंत्र आलं की या बायकांचं काय, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. त्यांच्या हातात मावणारं यंत्रही आता निघालं आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठातल्या जेरी द व्होस याने तयार केलेल्या हातात धरायच्या ‘प्लास्टिक स्कॅनर’ला 2021 साली जेम्स डायसन पुरस्कारांत शाश्वततेसाठीचा सन्मान मिळाला. तुकड्यावर टेकवलं की अवरक्त दिव्यांच्या साहाय्याने ते प्लास्टिकची जात सांगतं. त्याची रचना सर्वांसाठी खुली आहे. तेरा कंपाउंडमध्ये किंवा परिसर भगिनींच्या शेडमध्ये असं यंत्र आलं तर धूर हुंगायची गरज उरणार नाही आणि नेमकं वेगळं केलेल्या मालाला भावही चांगला मिळेल.

करी रोडला काय जमेल?

अवरक्त सेन्सर आणि हवेचे झोत असलेलं मोठं केंद्र एका सोसायटीला परवडत नाही. त्याला रोज टनांनी सुका माल लागतो. ते विभागांनी किंवा शहराने उभं करायचं काम आहे. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या विभागांनी मिळून केलं तर मालाचा तुटवडा पडणार नाही. त्या केंद्रात कामाचा पहिला हक्क परिसर भगिनींचा असावा. पट्ट्यावर वाकून वेचण्याऐवजी त्यांनी यंत्र चालवावं, संगणकाला इथल्या पुड्या-पिशव्यांची नावं शिकवावीत आणि मालाचा भाव ठरवावा.

बाटल्यांसाठी आणखी सोपी वाट आहे. नॉर्वेत 1972 साली टोम्रा कंपनीने रिकामी बाटली घेऊन अनामत परत देणारी यंत्रं बनवायला सुरुवात केली. केदारनाथला बाटलीवर क्यूआर कोड चिकटवून दहा रुपयांची अनामत घेतली जाते, बाटली परत केली की पैसे परत मिळतात. गोव्यानेही 2024 साली अनामत योजना अधिसूचित केली. गणेशोत्सवात लालबागच्या राजाला आणि चिंतामणीला येणारी गर्दी करी रोड आणि चिंचपोकळी स्टेशनांतून वाट काढते, तेव्हा फुटपाथभर पाण्याच्या बाटल्या साचतात. या दहा दिवसांसाठी मंडळांनी अनामतीची बाटली सुरू केली तर त्या उचलायला वेगळं यंत्र लागणार नाही.

इथल्या अनेक घरांची मुळं तळकोकणात आहेत. त्यांनी गावी गेल्यावर वेंगुर्ल्याला जरूर जावं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगरपरिषदेने घराघरांतून कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली आणि डंपिंग ग्राउंडची जागा लोक पाहायला येतील अशी झाली. तिथे सुरुवातीला महागडं यंत्र नव्हतं, वेगळा दिलेला कचरा होता.

तेव्हा स्मार्ट डबा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्याची वाट पाहत थांबू नका. आज रात्री तीन गोष्टी करा. ओल्यासाठी आणि सुक्यासाठी वेगळे डबे ठेवा. दुधाची पिशवी आणि डबे विसळून सुक्यात टाका. बॅटऱ्या, बल्ब आणि औषधं कुठल्याच डब्यात न टाकता बाजूला साठवा, कारण वर्गीकरण केंद्रांतल्या आगींना लिथियमची एक लहानशी बॅटरीही पुरते. मग सोसायटीच्या किंवा चाळ समितीच्या पुढच्या बैठकीत विचारा, की आपला सुका कचरा गाडीत वेगळा जातो का आणि तो कोण नेतं. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.